वराहरोमाची चाकरी

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पुण्याहून आलेल्या आमच्या चिरंजीवांनी सुतळीने बांधलेले एक खाकी खोके ओसरीवर ठेवले आणि "बाबा, आता घरात प्लास्टिक बंद," असे जाहीर केले. वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या अंगाला वसलेल्या आमच्या गावात ही घोषणा दरवर्षी कोणी ना कोणी करतच असतो, त्यामुळे मी फारसा दचकलो नाही. खोक्यातून हाताने घडवलेले तीन लाकडी ब्रश निघाले. एक लांब दांड्याचा, पाठ घासण्यासाठी. दुसरा आखूड आणि राठ, भांड्यांसाठी. तिसरा मऊ काळ्या केसांचा, कोट झाडण्यासाठी. माझा एकुलता एक कोट 1989 साली लग्नात माझ्या अंगावर चढला होता आणि सध्या तो तुरीतल्या बुजगावण्याच्या अंगावर आहे, त्यामुळे घोड्याच्या शेपटीच्या केसांचा तो तिसरा ब्रश या हकिकतीत पुन्हा येणार नाही.

ब्रशांसोबत चार घड्यांचे एक माहितीपत्रक होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे छापील सूचना वाचण्याची मला खोड आहे, पण पहिल्या दोन घड्यांनंतर माझाही धीर सुटला. कीटकनाशकाच्या बाटलीवरही इतक्या सूचना नसतात, आणि तिथे निदान शेवटी विषबाधा झाल्यास काय करावे ते तरी दिलेले असते. दरम्यान पत्नीने खोक्याच्या तळाशी चिकटवलेली किमतीची चिठ्ठी नखाने उकरून वाचली होती. एकट्या पाठीच्या ब्रशाचे 1,850 रुपये पडले होते. "एवढ्यात तीस फडे आले असते," ती म्हणाली. फडा म्हणजे आमच्याकडची केरसुणी, आणि हिशेब चोख होता.

संध्याकाळी पूजेची मांडणी झाली. लक्ष्मीपूजनाला नवा फडा पाटावर ठेवून त्याला हळदीकुंकू वाहण्याची आमच्याकडे रीत आहे. आईने फड्याशेजारी ते तीन ब्रशही ओळीने मांडले, कारण केर काढणारे ते सगळे लक्ष्मीच, असा तिचा सरळ हिशेब होता. आईचे वय 86 आहे आणि गळ्यात साठ वर्षांपासून तुळशीची माळ आहे. तिने पाठीच्या ब्रशाला कुंकू लावले, त्यावर झेंडूचे फूल ठेवले आणि हात जोडले.

इथे माझ्यातला विज्ञानशिक्षक आडवा आला. नैसर्गिक केस म्हणून नायलॉनच्या तारा गळ्यात मारण्याचे प्रकार होतात आणि त्यांची परीक्षा अगदी सोपी आहे. एक केस उपटून ज्योतीवर धरावा. नायलॉन वितळून त्याचा टणक मणी होतो, वनस्पतीचा तंतू वाळल्या गवतासारखा भुरकन जळतो, आणि जनावराचा केस आपल्या नखाच्या आणि शिंगाच्याच जातीच्या प्रथिनाचा असल्यामुळे तो आक्रसत काळा पडतो व न्हाव्याच्या दुकानाला आग लागल्यासारखा वास सोडतो. मी पूजा आटोपल्यावर कोणाचे लक्ष नाही असे पाहून एक केस उपटला आणि दारातल्या पणतीवर धरला. केस अस्सल होता. इतका अस्सल होता, की त्याचा वास ओसरी ओलांडून माजघरात गेला आणि तिथून आईला घेऊन परत आला.

"काय जळून रायलं रे बाबू?"

"काही नाही आई, वात जळली."

"वातीचा वास मले नको शिकवू. केस जळले. कोनाचे जळले?"

मी काही उत्तर जुळवण्याच्या आत चिरंजीव आतून मोठ्या उत्साहाने ओरडले, "आजी, डुकराचे! बेस्ट असतात ते!"

त्यानंतर घरात जी शांतता पसरली, तिच्यात शेजारच्या गल्लीतली लवंगी माळ पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजता आली. कुंकू वाहिलेला, झेंडूचे फूल ल्यालेला तो ब्रश पाटावर लक्ष्मीच्या तसबिरीसमोर निवांत पडला होता. शेवटी संकटात जे सुचते ते मला सुचले. मी म्हणालो, "आई, पत्रकात त्याला वराहरोम म्हटले आहे. वराह म्हणजे विष्णूचा तिसरा अवतार. म्हणजे लक्ष्मीचे यजमानच की." पत्रकात असे काहीही म्हटलेले नव्हते. आईने बराच वेळ ब्रशाकडे आणि त्याहून अधिक वेळ माझ्याकडे पाहिले. "मंग देवाचे केसं जाळाले तुले लाज नाई वाटली?" ती म्हणाली. पुढे तिने निवाडा दिला, की वराहदेवांनी न्हाणीत राहावे आणि न्हाणीच्या उंबरठ्याच्या अलीकडे येऊ नये. "चुलीपाशी दिसला तं पायजो मंग."

खरे तर हा केस एका अंगाने मोठा गुणी असतो. डुकराच्या पाठीवरचा केस मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता होत जातो, आणि टोकाला तो दोन-तीन फाट्यांत उकलतो, त्यामुळे पाणी, साबण, रंग, जे म्हणाल ते त्या फाट्यांत धरून ठेवतो. नायलॉनची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच असते. रंगाऱ्यांचे चांगले ब्रश याच केसांचे बनतात आणि उत्तर प्रदेशाच्या बिजनोर जिल्ह्यातले शेरकोट हे गाव ब्रशांच्या धंद्यासाठीच ओळखले जाते. दात घासायच्या नायलॉनच्या ब्रशाची विक्री 1938 साली सुरू झाली, आणि त्याआधी साहेब लोक रोज सकाळी डुकराचेच केस तोंडात घालत, ही माहिती मी आईपासून आजतागायत लपवून ठेवली आहे.

माझी खरी अडचण धर्माची नव्हती, शेतीची होती. आमच्या भागात रानडुकराने शेतकऱ्याची काय दशा केली आहे, हे ज्याने कधी हरभऱ्याची जागल केली नाही त्याला सांगून कळणार नाही. पेरलेले दाणे तो तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, रेघेने वेचून खातो, उगवलेले नाकाने उकरतो, आणि जे खात नाही त्यावर लोळतो. नोव्हेंबरपासून पीक घरी येईपर्यंत मी आणि माझा पुतण्या आळीपाळीने मचाणावर रात्र काढतो, रिकामा पिपा बडवतो आणि सुतळी बॉम्ब फोडतो. आता रात्रभर ज्या जनावराच्या मागे शिव्या देत धावायचे, सकाळी त्याच्याच भाऊबंदांचे केस सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने धुवायचे, हलकेच झटकायचे आणि सावलीत वाळवायचे, हा माझा नवा दिनक्रम झाला. ब्रशातले केस पाळीव डुकरांचे असतात असे मुलाने फोनवर समजावले, पण एका रात्रीत हरभऱ्याचे चार तास गमावलेल्या माणसाला पाळीव आणि रानटी हा भेद पटत नाही.

पहिली चूक तीन दिवसांत झाली. बंबातले पाणी बादलीत ओतले, आंघोळ झाली आणि सवयीने ब्रश बादलीतच उभा ठेवला. पत्रकात नेमके हेच करू नये असे लिहिले होते, पण ते तिसऱ्या घडीत होते. हा ब्रश घडवताना लाकडाला भोके पाडतात, केसांची जुडी मधोमध दुमडतात आणि तारेच्या फासाने ती भोकातून ओढून घट्ट बसवतात. मग मागून दुसरी फळी चिकटवून तार झाकतात. असा ब्रश पाण्यात उभा राहिला, की पाणी केसांच्या आधाराने भोकांत शिरते, लाकूड फुगते, वाळताना आक्रसते, आणि चार-सहा वेळा असे झाले की भोके सैल होऊन केस गळू लागतात. म्हणून ब्रश केसांचे तोंड खाली करून वाळवायचा, म्हणजे पाणी आले त्या वाटेने निघून जाते. आमचा ब्रश बीच नावाच्या युरोपीय झाडाच्या लाकडाचा. फिकट गुलाबी रंग, अंगावर बारीक तपकिरी टिकल्या, दिसायला देखणे. पण पाण्यापुढे या लाकडाचे काही चालत नाही. बादलीतून काढला तेव्हा दांड्यावरचे सगळे तंतू उभे राहून तो खरखरीत झाला होता. माणसाला थंडीत येतो तसा लाकडालाही काटा येतो, हे मला तेव्हा कळले.

उपाय चौथ्या घडीत होता. लाकडाला अधूनमधून जवसाचे तेल द्यावे. हे वाचून माझी छाती फुगली, कारण जवस आणि विदर्भ यांचे नाते कोणा पत्रकाने सांगायला नको. जवसाची चटणी आमच्या ताटात रोज असते आणि गावातली पोरे बॅटला जवसाचे तेल पाजतात. वर्ध्याला 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याने तेलघाणीचा आग्रह धरला. त्याच शहरात जाऊन मी घाण्याचे अर्धा लिटर तेल आणले. पुण्याच्या वस्तूला आमच्या मातीचे तेल लागते, हा विचार परतीच्या एसटीत मला इतका सुखावून गेला, की मी चौथी घडी पुढे वाचलीच नाही.

घरी येऊन मी त्या ब्रशाला तेल लावले, म्हणजे बाळंतिणीचे बाळ मालिशीला घ्यावे तसे लावले. दांडा चकचकीत होऊन निथळू लागला. चिंधीने आणखी एक हात दिला, चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली, आणि ऊन नसलेली, पाणी नसलेली, उंदरांपासून राखलेली अशी घरातली एकच खोली होती तिच्यात ब्रश खिळ्याला टांगला. त्या खोलीत भाव वाढण्याची वाट पाहत बावीस क्विंटल कापूस पडला होता.

रात्री झोप येईना म्हणून बॅटरीच्या उजेडात पत्रक पुरे केले. शेवटच्या परिच्छेदात दोन वाक्ये होती. पहिले असे, की तेल पातळ लावावे, थोडा वेळ मुरू द्यावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे, नाहीतर ते चिकट राहते. दुसरे असे, की जवसाचे तेल नुसते वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि या क्रियेत उष्णता निघते. म्हणून तेलाने माखलेली चिंधी चुरगाळून ठेवू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. मुलांना ज्वलन शिकवताना हे उदाहरण मी स्वतः फळ्यावर लिहिले होते, बहुधा पंचवीस वेळा. त्या रात्री ते मला फळ्यावर नव्हे, बावीस क्विंटल कापसाच्या ढिगाशेजारी दिसले.

मी उठलो तो धोतराचा सोगा हातात धरून धावलो. अंधारात खोलीचे दार उघडताना खांदा कशाला तरी लागला, काहीतरी धप्पकन पडले, पण मला फक्त कोपरा दिसत होता. चिंधी चिमटीत धरून विहिरीपर्यंत नेली आणि काठावर दगड ठेवून पसरली. ती हाताला गरम लागली होती असे मी पत्नीला सांगितले. ती ऊब तेलाची होती की माझ्या तळव्याची, ते आता सांगता येणार नाही.

सकाळी ब्रश सापडेना. खिळा रिकामा होता. शेवटी कापसाच्या ढिगात एक दांडीसारखी वस्तू वर आलेली दिसली ती ओढली, तर हातात एक पांढरेशुभ्र, गुबगुबीत, लांब मानेचे जनावर आले. रात्रभर चिकट तेलाने जेवढा कापूस धरता येईल तेवढा धरला होता. डुकराचे केस कुठे संपतात आणि कापूस कुठे सुरू होतो हे कळत नव्हते. सरकीचा एक दाणा तर दांड्याच्या टोकाला नाकासारखा चिकटला होता. पत्नी दारात उभी राहून पाहत होती.

"अहो, बुरूशाले बोंड फुटलं की," ती म्हणाली. "वेचाई काय भावानं द्याल?"

वेचणीला दोन दिवस लागले. अर्धवट घट्ट झालेले तेल बोटाने ओढले की लांबते आणि सोडले की पुन्हा बसते. शेवटी टर्पेंटाईनने पुसले, काचेच्या तुकड्याने हलकेच खरवडले, आणि मग तेलाचे चार थेंब, फक्त चार, घेऊन चोळले व कोरड्या कापडाने पुसले. त्या कापडाला मी दोन दिवस वाळत घातले आणि येता-जाता त्याचा ताप पाहिला.

होळीनंतर मी या शास्त्रात बऱ्यापैकी तयार झालो होतो, पण मे महिना कोणाचे ऐकत नाही. पारा 45 च्या वर गेला, घरातल्या दारांच्या फटी रुंदावल्या आणि एका दुपारी न्हाणीतून टचकन आवाज आला. ब्रशाच्या पाठीला बोटभर तडा गेला होता. आता यावर उपाय मला पत्रक न वाचता ठाऊक होता. उन्हाळ्यात बैलगाडीचे चाक वाळून आक्रसते, त्याची लोखंडी धाव खुळखुळायला लागते, तेव्हा माझे वडील चाके काढून नदीच्या डोहात टाकत; रात्रीतून लाकूड फुगे आणि धाव घट्ट बसे. मी ब्रश गुरांच्या टाक्यात टाकला. सकाळी तडा खरोखरच मिटला होता. मात्र पाठीची फळी एकीकडे तरंगत होती, दांडा दुसरीकडे, आणि गव्हाणीपाशी उभी आमची गाय मधल्या केसांच्या भागाकडे विचारमग्न नजरेने पाहत होती. चाकाला सरस नसतो, ब्रशाला असतो, एवढाच फरक माझ्या ध्यानात राहिला नव्हता.

गावच्या सुताराने तो भाग उलटसुलट करून पाहिला. तारेचे फास मात्र त्याला फार आवडले. "काम झ्याक आहे जी गुरुजी, लाकूडच दम नसलेलं आहे," असे म्हणून त्याने जुन्या दाराच्या सागवानी फळीचा एक तुकडा काढला. सागाच्या अंगात स्वतःचेच तेल असते, त्यामुळे तो पाण्याने फारसा फुगत नाही की उन्हाने फारसा आक्रसत नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग काही उगाच नावाजलेला नाही. मोकळी झालेली एक तार त्याने स्वतः ओढून बसवली, मागे सागाची फळी चिकटवली, आणि ब्रश आठ दिवस शिकंजात ठेवला.

त्या आठ दिवसांत पाठीला ब्रशाची इतकी सवय झाल्याचे आढळले, की मी चोरून भांड्यांचा ब्रश न्हाणीत नेला. त्याचे तंतू मेक्सिकोतल्या, आपल्या घायपाताच्या जातीच्या एका झाडाचे. टँपिको नावाच्या बंदरातून ते जगभर जाऊ लागले म्हणून त्यांचेही नाव टँपिको पडले. हा तंतू पाण्याला, गरमीला आणि खाराला दबत नाही, म्हणून तो भांड्यांना चांगला. पाठीला तो कसा असतो हे मला पहिल्याच हाताला समजले. पत्नी त्याने चुलीच्या राखेत कढया घासत असे, त्यामुळे बंडी घालताना माझ्या पाठीवर राखाडी पट्टे तिला दिसले. "हे काय, भस्म लावून रायले काय?" असे विचारून तिने ब्रश काढून घेतला.

या भांड्यांच्या ब्रशाविषयी मला थोडे असूयेने बोलावे लागेल. पत्नीने त्याचे पत्रक वाचले नाही, त्याला तेल पाजले नाही, त्याची दृष्टही काढली नाही. भांडी झाली की ती तो दोनदा झटकते आणि खिळ्याला तोंड खाली करून टांगते. वर्ष झाले, त्याचा एक तंतू ढळलेला नाही. वर ती मला येता-जाता धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, घायपात दाखवते. तिच्या माहेरी त्याचे कासरे वळत, आणि मेक्सिकोला न जाता हा ब्रश फुकटात झाला असता, असे तिचे म्हणणे आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पावसाळा मी थोडक्यात आटोपतो. आषाढात न्हाणीत आठवडाभर काही वाळले नाही आणि बुरूशाला बुरशी आली. हा विनोद गावातल्या प्रत्येकाने मला स्वतंत्रपणे, जणू आपणच शोधला अशा थाटात ऐकवला. कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून केस धुतले आणि ब्रश चुलीच्या धुरावर टांगावा असा विचार केला. पण आई चुलीसमोरच बसली होती.

"देव हायेत ते," मी आठवण करून दिली.

"देव हायेत तं देवघरात ने," ती म्हणाली, आणि मी तिथेच थांबलो. ब्रश शेवटी गोठ्यात गाईच्या शेकोटीवर वाळला. त्याला अजून गोवरीचा वास येतो.

या कार्तिकात पुन्हा जागल सुरू झाली. पौर्णिमेच्या आसपासची रात्र होती, तुषार सिंचनाचा पाइप एका सांध्याला गळत होता आणि धुऱ्याजवळ चिखलाचे डबके साचले होते. मध्यरात्रीनंतर पुतण्याने माझे कोपर दाबले. चांदण्यात एक थोराड रानडुक्कर त्या डबक्यातून उठून बाहेर आले. अंगावरून चिखल ओघळत होता आणि कण्यावरचे केस कंगव्यासारखे उभे राहिले होते. मी बॅटरी लावली नाही. ते जनावर धुऱ्यावरच्या सागाकडे गेले, बुंध्याला पाठ टेकवली आणि घासू लागले. आधी वरून खाली, मग खालून वर, मग एक बाजू, मग दुसरी. सागाची साल खरखर वाजत होती. मधूनच ते थांबे, अर्धे डोळे मिटे आणि पुन्हा घासू लागे. ज्या जागी माझा हात कधीच पोहोचत नाही, दोन खांद्यांच्या मधोमध, तिथे ते सर्वांत जास्त वेळ रेंगाळले.

पुतण्याने सुतळी बॉम्बची वात काडीपेटीजवळ नेली. "काका, फोडू काय?"

"थांब जरासा," मी म्हणालो. "पाठ घासून होऊ दे त्याची."